माळावरचं माहेर

राहीबाई : नापास करा म्हंते मी. आवं गुरुजी, आजवर एवढी पोरं नापास केलीसा, एक घर कराया काय हुतंय?

गुरुजी : आधी त्या दगडावर बसा, राहीबाई. उन्हात उभं राहून बोलू नका. माळावरची शाळा सुटली आहे, करंजाची सावली रिकामीच आहे.

राहीबाई : बसाया न्हाई आले. इनंती कराया आले.

गुरुजी : विनंती बसूनही करता येते. सकाळपासून अर्धा माळ येऊन गेला. ‘गुरुजी, आमचं घर पास करा. गुरुजी, आमची पेठ आधी उघडा.’ कुणी हरभऱ्याचे डहाळे आणले, कुणी ताकाची चरवी. गावातल्या शाळा बंद झाल्या आणि म्युनिसिपालिटीनं आम्हा मास्तरांना प्लेगच्या कामाला लावलं, तेव्हापासून माझा मान फार वाढलाय. पण घर नापास करा म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या. आणि तेही दुसऱ्याचं घर.

राहीबाई : दुसऱ्याचं कसं? माज्या लेकीचं सासर हाय ते.

गुरुजी : म्हणून तर मला कळेना. लेकीच्या दारावर चुन्याचा गोल निघाला की आईनं साखर वाटायची.

राहीबाई : रेशनची साखर वाटाया मी काय खुळी हाय? गोल काढलासा व्हय?

गुरुजी : अजून नाही. मघाशी डॉक्टर, मुकादम आणि मी तिघं बघून आलो. कौलं उतरवून घर महिनाभर उन्हात ठेवलं होतं, ते पुन्हा शाकारलंय. जमीन उकरून नवी केली आहे. बिळं काचा आणि चुना घालून बुजवलीत. उंदराचा मागमूस नाही. आता संध्याकाळच्या आत गोल काढायचा. गोल म्हणजे राहायला या, फुली म्हणजे अजून बंद. उद्या सकाळी शनवार पेठेची दवंडी.

राहीबाई : मग तेवढी गोलाच्या जागी फुली काढा. आठ-धा दिस. जास्ती न्हाई. त्यापुढं पुसून गोल काढा. मी सोता वला बोळा घिऊन येते पुसाया.

गुरुजी : आठ-दहा दिवसांत काय होणार आहे?

राहीबाई : तुमास्नी फोडून सांगाया पायजे व्हय? विजीचे दिस भरल्यात.

गुरुजी : हो, विजयमाला. काल पाण्याच्या टाकीपाशी दिसली. एका हातानं कंबर धरून चालत होती. मला बघून पदर सावरला आणि म्हणाली, ‘गुरुजी, मला अजून सतराचा पाढा येतोय.’

राहीबाई : पयलंच हाय तिचं. पयलं बाळंतपण आईच्या हातचं, ही रीतच हाय. माजं औंधाला झालं, माज्या आईच्या हाती. ही विजी तितंच झाली. मी यमाईच्या डोंगराकडं तोंड करून कळा काढल्या. आई म्हनायची, देवीकडं बघ, माज्याकडं बघू नगंस, माज्याकडं बघितलंस की रडशील.

गुरुजी : मग रीत आहे तर विजयमालेला माहेरी न्या.

राहीबाई : तुमी ह्याच गावचं न्हवं? आमचं नि इवायाचं काय झालंय ते ठावं न्हाई?

गुरुजी : निवडणुकीनंतर बिनसलं एवढं ऐकलं आहे. बाकी पेठेतल्या गोष्टी मी निम्म्याच ऐकतो. निम्म्या खोट्या असतात म्हणून.

राहीबाई : मग खऱ्या निम्म्या माज्याकडनं ऐका. विजीचा बा मुन्शिपाल्टीला हुबा ऱ्हायला, नि इवायानं हिंडून-फिरून दुसऱ्याला मतं घालाय लावली. भावकीतला म्हनून. आमचं मालक पडलं. पंचमीचा सन हुता, विजी म्हायारी आल्ती. झोक्यावरनं उतरून आत आली, नि ह्यांनी तिच्या डोस्क्यावर हात ठिवला. म्हनलं, ‘हिच्या गळ्याची आन, माज्या घरातलं कुनी हिच्या सासरचा उंबरा चडनार न्हाई.’ इवायाला कळलं, तर त्यांनी बी तीच आन घातली. सून म्हायारचा उंबरा चडनार न्हाई. दोघांनी बी हात ठिवला तो त्याच एका डोस्क्यावर.

गुरुजी : तीन वर्षं होत आली याला.

राहीबाई : तीन वरसं एका पेठंत ऱ्हाऊन लेक लांबनं बघितली मी. मंगळवारी देवळाम्होरनं जायाची, तिच्या चालीवरनं वळखायची. नळावर गर्दीत हुबी असली की मी घागर मुद्दाम सावकाश भरायची. एकदा तिच्या हातात चार काचंच्या बांगड्या कमी दिसल्या, तर मला दोन दिस घास गिळंना. फुटल्या असत्याल, दुसरं काय? पर इचारायचं कसं?

गुरुजी : आणि मग प्लेग आला.

राहीबाई : देवा, माज्या त्वांडानं कसं म्हनू? पिलेग आला नि माजी लेक मला गावली.

गुरुजी : म्हणा, म्हणा. इथं कुणी ऐकत नाही.

राहीबाई : समदं गाव उठून ह्या माळावर आलं. तुमी पेठंच्या वळीनं झोपड्या दिल्यासा. आमची नि त्यांची झोपडी शेजारी, मदी निस्ता तुरकाट्यांचा कूड. पयल्या दिशी विजी दारात आली, नि मी म्हनलं, मागं फिर पोरी, आन हाय. तर ती खाली बघून म्हनली, ‘आई, झोपडीला उंबरा कुठाय?’

गुरुजी : अगदी माझी विद्यार्थिनी.

राहीबाई : तवाधरनं रोज येते. दोघं मालक बगत्यात नि तोंड फिरवून बिडी वडत्यात. उंबराच न्हाई तर बोलायचं काय? चार म्हैनं मी तिची येनी घातली. तिच्या पोटावर हात ठिवून बाळ हालताना बघितलं. तिला खोकला आला की कुडातनं ऐकाया येतुया, मी हिकडनं इचारते, ‘पानी पायजे का?’ ती तिकडनं म्हंती, ‘न्हाई, नीज तू.’ एवढंच. पर गुरुजी, तीन वरसं मला ‘नीज तू’ कुनी म्हनलं नव्हतं.

गुरुजी : आणि उद्या पेठ उघडणार.

राहीबाई : उद्या गोल निघाला की ती जाईल त्या उंबऱ्याच्या आत, नि मी बाहीर. आठ दिस माळावर ऱ्हायली, तर बाळ माज्या हातात येईल. तेवढंच मागते. कुनाचं वाईट हुतंय त्यात?

गुरुजी : राहीबाई, तुमच्या स्वतःच्या दारावरची फुली अजून तशीच आहे, ती का?

राहीबाई : त्याचं काय आता?

गुरुजी : विचारतोय.

राहीबाई : मालक म्हनलं, ज्या मुन्शिपाल्टीनं मला पाडलं तिची मानसं माज्या कवलांवर चडनार न्हाईत. म्हनून.

गुरुजी : मी तीनदा समजावलं त्यांना. म्हटलं, हंबीरराव, उंदरांनी कुणाला मत दिलं नव्हतं. हसले, पण शिडी लावू दिली नाही. बरं, त्या दारावर मी फुली काढली तेव्हा पेठेतल्या लोकांनी ती का मानली? हंबीररावांना राग आला, पण शेजाऱ्यांनी मुलांना तिकडं फिरकू दिलं नाही. का?

राहीबाई : तुमी काढलीसा म्हनून. तुमी खोटं करीत न्हाई.

गुरुजी : तेवढं एकच माझ्याजवळ आहे. एक खोटी फुली काढली की ते गेलं. मागल्या थंडीत काय झालं, आठवतं? एक मेलेला उंदीर बघून म्युनिसिपालिटीनं घाईनं दवंडी दिली, गाव उठवलं. तो उंदीर विषानं मेला होता. लोक आठ दिवसांनी परतले, आणि पुढं कित्येक दिवस म्युनिसिपालिटीच्या नावानं हसत होते. मग यंदा खरोखर उंदीर पडू लागले आणि दवंडी झाली, तेव्हा?

राहीबाई : कुनी उठंना.

गुरुजी : म्हणाले, पुन्हा तीच थट्टा. काही घरं चार दिवस तशीच थांबली. त्यातल्या एका घरात काय झालं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

राहीबाई : विजीच्या नणंदेचं, शालूचं बोलताय.

गुरुजी : शालूचं. तिसरीत होती माझ्याकडे. एकदा मला विचारलं, ‘गुरुजी, नदीला झोप कधी येते?’ मी म्हटलं, उन्हाळ्यात. दुसऱ्या दिवशी म्हणाली, ‘मी बघून आले, डोळे उघडेच आहेत तिचे.’

राहीबाई : नगा सांगू.

गुरुजी : त्याच घरावर तुम्ही मला खोटी फुली काढायला सांगता आहात.

राहीबाई : मी घरावर न्हाई सांगत. मी माज्या लेकीसाटनं सांगते.

गुरुजी : मग लेकीला विचारलंत? तिला काय वाटतं?

राहीबाई : तिला काय इचारायचं? पोर हाय ती अजून.

गुरुजी : विचारलंत की नाही, एवढंच सांगा.

राहीबाई : ...ईनबाई येत्यात. बगा, कशी पाय उचलून चालल्यात. आमचं बोलनं हितंच ऱ्हाऊ द्या.

चंद्राबाई : हितं बसलाय व्हय गुरुजी! सगळा माळ पालथा घातला की वो मी. आनि ईनबाई, तुमी बी हितंच? काय, म्हातारपनी साळंत नाव घातलंय का?

राहीबाई : सावलीला बसले वाईच.

चंद्राबाई : बसा की. गुरुजी, आडपडदा नगं. माजं घर पास का नापास?

गुरुजी : टेका तरी, चंद्राबाई.

चंद्राबाई : मास्तर ‘टेका’ म्हनला की पोरगं नापास, हे आमच्या सांगलीकडं बी ठावं हाय.

गुरुजी : पास आहे.

चंद्राबाई : काय म्हनलासा?

गुरुजी : पास. तिन्ही खोल्या, माजघर, परडं. आता जाऊन गोल काढतो. उद्या दवंडी.

चंद्राबाई : परत एकदा म्हना.

गुरुजी : तुमचं घर पास आहे, चंद्राबाई.

चंद्राबाई : अगं बया... बरं. बरं झालं. ही कळशी बगा, चिंच लावून लावून हात हुळहुळे झाल्यात. उद्या नदीचं पानी भरून सुनंच्या कडंवर देनार. भरली कळशी नि भरल्या पोटाची सून, दोन्ही एकदम दारातनं आत. मागनं आमी. चार म्हैनं मी हेच डोळ्याम्होरं आनत हुते की वो. पाचटाच्या छपरातनं चांदन्या दिसत्यात, लोकांस्नी बरं वाटतंय. मला माज्या घराचं आढं दिसायचं. ईनबाई, ऐकलंसा न्हवं? पास!

राहीबाई : ऐकलं.

चंद्राबाई : मग असं तोंड का? तुमच्या घराचं बी हुईल. भावजींस्नी म्हनावं, कवलांवर मी चडते. मला कुनी मतं दिली न्हाईत.

राहीबाई : माज्या घराचं न्हाई काय.

चंद्राबाई : मग? गुरुजींकडं कशाला आल्तासा? आँ? दोघं बी गप का?

गुरुजी : चंद्राबाई, उशीर होतोय, मी पेठेत जाऊन...

राहीबाई : थांबा गुरुजी. तुमी कशाला माज्यापायी गप बसायचं? ईनबाई, मी तुमच्या घराचंच इचाराया आल्ते. नापास करा म्हनलं.

(चंद्राबाई कळशी खाली ठेवते.)

चंद्राबाई : परत म्हना.

राहीबाई : आठ-धा दिस फुली ऱ्हाऊ द्या म्हनलं. विजीचं हितं व्हावं म्हनून.

चंद्राबाई : माज्या दारावर फुली. पेठ समदी उघडी नि माजं एकलीचं दार बंद. येनाऱ्या-जानाऱ्यानं बोट दावायचं, ह्या घरात अजून पिलेग हाय. एवढं माज्यासाटनं मागितलंसा?

राहीबाई : तुमच्यासाटनं न्हाई वो. तसं मनात बी नव्हतं.

चंद्राबाई : चार म्हैनं तुमचं पीठ सरलं की माजं, माजं मीठ सरलं की तुमचं. तुमास्नी ताप आला तवा डोकं कुनी दाबलं? आनि माज्या पाठीमागं येऊन...

राहीबाई : तुमच्या म्होरं येऊन कशी मागू? तुमी पायलंसा न्हवं, चार म्हैन्यात आपन समदं बोललो, साकर, राकेल, पोरीचं डोहाळं. त्या दोघांच्या आनंचं एक अक्षर काढलं का? तुमी बी न्हाई, मी बी न्हाई. मला वाटायचं, नाव काढलं की हे समदं मोडंल.

चंद्राबाई : मला बी तसंच वाटायचं.

राहीबाई : मग?

चंद्राबाई : मग काय? इचारायचं हुतं एकदा. न्हाई म्हनले असते, भांडले असते, पर इचारलंसा असतं तर मला बी सांगता आलं असतं.

राहीबाई : काय सांगनार हुतासा?

चंद्राबाई : गुरुजी, तुमी जावा तुमच्या कामाला.

गुरुजी : जातो.

चंद्राबाई : न्हाई, थांबा. तुमी तिला शिकवलंय. तुमी ऐकलं तर चालंल. ईनबाई, त्या घरातनं आमी निगालो तवा शालू तितंच हुती. तापातल्या पोरीला उचलाया मानसं आली नि मला बाहीर वडलं. घरातला शेवटचा आवाज तिचा. ‘आये, पानी’ म्हनलेली. मी भांडं भरलेलं हातात, नि तोवर... चार म्हैनं त्या घरात दुसरं कोन बोललं न्हाई. कवलं उतरली, भुई उकरली, चुना मारला. पर तो आवाज काय चुन्यानं जातोय व्हय?

राहीबाई : ईनबाई...

चंद्राबाई : माज्या मनानं घेतलंय, त्या घरात पयलं कोन वरडायचं असंल तर ते बाळ. आमी मोट्यांनी आत जायाचं नि सावकाश बोलायचं, असं मला नगं. टाहो फोडून रडनारं कुनीतरी पायजे. पेठंला ऐकू जाईल असं. म्हनून पास पायजे हुतं. कळशी-बिळशी समदं त्याच्यासाटनं.

गुरुजी : तुम्ही दोघी एकाच बाळाची वाट बघताय.

चंद्राबाई : तुमचं बी खोटं न्हाई, ईनबाई. माजं पयलं आईच्या हातचं झालं, हरिपूरला, संगमाच्या काठाला. आईच्या हाताचा वास अजून आटवतोय, येखंडाचा. मग माज्या सुनंला का नगं? पर...

राहीबाई : पर काय?

चंद्राबाई : पर ऱ्हावं म्हनतासा तर ऱ्हाऊ द्या तिला. गुरुजी, तसं चालतंय का? घर पास झालं म्हनजी झोपडी सोडाया लागती का समद्यांस्नी?

गुरुजी : नियम तसा आहे. पण दिवस भरलेल्या बाईला हलवू नये, असं डॉक्टर स्वतःच म्हणतात. मी आज विचारलं तर ते हो म्हणतील, आणि त्यात मला खोटं काही करावं लागणार नाही. राहीबाईंची झोपडी तर राहणारच आहे, त्यांच्या घरावरची फुली हलेपर्यंत.

चंद्राबाई : झालं तर. ऱ्हाऊ द्या. आमी दोघं नि माजा ल्योक नाथाजी जातो उद्या.

राहीबाई : न्हाई.

चंद्राबाई : काय न्हाई? तुमीच मागाया आल्तासा न्हवं?

राहीबाई : गुरुजी, मगाशी तुमी इचारलासा, लेकीला इचारलं का? इचारलं हुतं. काल येनी घालताना. मी म्हनलं, विजे, तुला माज्याकडं ऱ्हायाचं न्हवं? तर तिनं माजा हात धरला. मग म्हनली, ‘आई, मला लय भ्या वाटतंय. तू असावीस असं वाटतंय. पर आत्तीला त्या घरात एकलीला जाऊ देववत न्हाई.’

चंद्राबाई : असं म्हनली?

राहीबाई : असंच. शालूला शेवटचं पानी तिनं पाजलं न्हवं? तुमास्नी बाहीर वडलं तवा तुमच्या हातातलं भांडं तिनं घेतलं.

चंद्राबाई : पाजलं? मला वाटलं, पानी तिच्यापतूर गेलंच न्हाई. चार म्हैनं मला तसंच वाटतंय.

राहीबाई : दोन घोट पेली. विजी सांगत हुती. तुमच्याम्होरं तिला बोलवत न्हाई.

चंद्राबाई : दोन घोट.

राहीबाई : व्हय.

गुरुजी : डोळे पुसा, चंद्राबाई. नाही, राहू द्या. वाहू द्या.

राहीबाई : काल तिनं सांगितलं, तरी मी आज हितं आले फुली मागाया. तिचं ऐकून न ऐकल्यावानी केलं. आईची जात अशी, वाईट आसती. न्या तिला. तितंच हू द्या.

चंद्राबाई : मग तुमी बी चला. उंबऱ्याचं मी बगते. पुडल्या दारानं नगं, मागल्या दारानं घेते, परड्यातनं.

राहीबाई : मागल्या दाराला बी उंबरा हाय.

चंद्राबाई : मेलं बांधनाऱ्यानं एवढं उंबरं कशाला घातलं कुनास धक्कल!

गुरुजी : माझं ऐकाल? आणशपथ म्हणजे रागात तोंडातून गेलेली हवा. तिनं कुणाचं बरं-वाईट होत नसतं. प्लेग कसा होतो ते मी मुलांना शिकवलं, पिसू, उंदीर, घाण. त्यात कुठं शपथ नव्हती. तुम्ही सरळ उंबरा ओलांडून जा. काही होणार नाही.

राहीबाई : तुमी म्हंतासा ते खरं आसंल. तुमी खोटं सांगत न्हाई. पर गुरुजी, विजीच्या गळ्याची आन हाय. दुसऱ्या कशाची आसती तर मोडून बघितली असती. ती कळा देत आसताना मी उंबरा चडू, नि मग बसून बगू, आन खरी हुती का खोटी? लेकीवर पारखायचं व्हय हे?

गुरुजी : ...नाही. ते मी तुम्हाला सांगू शकत नाही.

चंद्राबाई : माजी बी छाती हुनार न्हाई, ईनबाई. खरं सांगते.

राहीबाई : ठावं हाय मला. म्हनून तर मी माळ मागत हुते.

गुरुजी : हंबीररावांकडे मी आज पुन्हा जातो. चंद्राबाई, तुमच्या आकारामरावांकडेही जातो. ज्यांनी हात ठेवला, त्यांनीच उचलला तर?

चंद्राबाई : जावा. पर उद्यापतूर न्हाई व्हायाचं ते. आमच्या मालकांस्नी बैल बदलायचा म्हनलं तरी दोन बाजार लागत्यात.

राहीबाई : आमच्या मालकांस्नी तीन.

गुरुजी : उद्यापर्यंत नाही. पण बारशापर्यंत बघू. मुलांना मी एकच गणित कितीदा तरी समजावतो. या दोघांना आणखी थोडं.

चंद्राबाई : आनि हा माळ? झोपड्यांचं काय करनार मुन्शिपाल्टी?

गुरुजी : शेवटचं घर परतलं की सगळ्या झोपड्या जाळायच्या, असा हुकूम आहे. रोगाचं काही मागं राहू नये म्हणून.

राहीबाई : कूड बी?

गुरुजी : सगळं. मग शेत ज्याचं त्याला परत. पावसाळ्यात इथं भुईमूग असेल.

राहीबाई : असू द्या. चांगलं पीक येतंय ह्या मातीत.

गुरुजी : मला निघायला हवं. उजेड आहे तोवर गोल काढला पाहिजे. अंधारात काढलेला वाकडा येतो, आणि सकाळी पोरं हसतात. चंद्राबाई, राहीबाई... येतो मी.

चंद्राबाई : या. नीट मोटा काढा, लांबनं दिसंल असा.

राहीबाई : ईनबाई, तुमी बी उठा. बांधाबांध ऱ्हायली आसंल.

चंद्राबाई : ऱ्हाऊ दे. गाडगी-मडकी काय पळून जात न्हाईत. तुमी मला सांगा.

राहीबाई : काय सांगू?

चंद्राबाई : तिचं. माजी सून हाय ती तीन वरसं, पर तुमची लेक हाय इस वरसं. येळंला मला काय ठावं पायजे ते समदं सांगा. मी बसते हितं.

राहीबाई : काय सांगायचं... पानी तिला गरम लागतंय, तुमी म्हनाल लय कडत हाय, पर तेवढं लागतंय तिला. डावी कूस तिला मानवत न्हाई, उजवीवर निजू द्या. केस सोडून ठिवू नगासा, तोंडावर आलं की घाबरती. ल्हान हुती तवापास्नं.

चंद्राबाई : बरं. आनि?

राहीबाई : अंधार नगं तिला. दिवा जळू द्या एक. राकेल मी धाडीन, माज्या वाटनीचं हाय.

चंद्राबाई : नगं, हाय माज्याकडं. आनि?

राहीबाई : हात धराया लागला तर तुमचाच द्या. दाईचा नगं. नखं लावती, तवा रागं भरू नगासा.

चंद्राबाई : लावू दे. आनि कळा वाडल्या की? वरडंल न्हवं, म्हनजी मला कळंल?

राहीबाई : न्हाई, ईनबाई. तेवढंच नीट ध्यानात ठिवा. ती वरडत न्हाई. गप झाली की समजा, लय दुकतंय.